चारपैकी साडेचार

आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना एके दिवशी साक्षात्कार झाला, की सिस्टर लोकांना आकड्यांतलं काही कळत नाही. आम्ही ताप मोजतो, नाडी मोजतो, सलाईनचे थेंब मोजतो, डॉक्टरांनी राउंडला यायला केलेला उशीरही मनातल्या मनात मोजतो. पण महिन्याच्या रिपोर्टात सरासरी लिहायची वेळ आली की प्रत्येक वॉर्डाची सरासरी वेगळ्याच रीतीने काढलेली निघते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दुपारचा वर्ग सुरू झाला. विषय, संख्याशास्त्राची तोंडओळख. सक्तीचा. दांडी मारली तर पगाराशी गाठ.

मी कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर. माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या मावशी म्हणतात, म्हणजे वॉर्डातल्या मावशी, ज्या झाडलोटीपासून पेशंटचा हात धरण्यापर्यंत सगळं करतात. त्या हे माझ्या तोंडावर म्हणतात आणि मी ऐकून घेते. या वयात मला कुणी बेरीज-भागाकार शिकवणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं होतं. पण पगार म्हटलं की भले भले नरम येतात.

त्या दिवशी मी वर्गाला निघायच्या गडबडीत होते आणि नेमके तेव्हाच बाबा आले. बाबा म्हणजे माझे वडील. शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, निवृत्त होऊन खूप वर्षं झाली, आई गेल्यापासून आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटे राहतात. आमच्याकडे या म्हटलं तर म्हणतात, तुमच्या घरात उजेड चांगला नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, दाराच्या चौकटीला धरून ते उभे होते.

"पोट जरा दुखतंय," ते म्हणाले. "तू कामात असशील तर नंतर येतो."

"नंतर येतो काय! हे काय वाण्याचं दुकान आहे? या आत."

आत पाय ठेवायला जागा नव्हती. कुठेतरी बांधकामाची परांची कोसळली होती आणि माणसं ओळीने येत होती. कुणाचा हात, कुणाचं डोकं. टेबलाशी आमचे छोटे डॉक्टर बसले होते, नुकते पास झालेले, दोन दिवस झोप नसल्यासारखे दिसणारे. टेबलामागच्या भिंतीवर आमचा तक्ता होता. शून्यापासून दहापर्यंत आकडे आणि प्रत्येक आकड्यावर एक चेहरा. शून्यावरचा हसतोय, दहावरचा धाय मोकलून रडतोय. पेशंट आला की विचारायचं, दहापैकी किती दुखतंय? सात आणि वर असेल तर मनगटावर लाल पट्टी, लगेच आत. पाच-सहा असेल तर पिवळी. पाचच्या खाली हिरवी, बाकावर बसा, नंबर आला की बोलावू. हा तक्ता इथे लावून घ्यायला मी साहेबांशी भांडले होते. त्याआधी जो मोठ्याने बोंबलेल त्याला आधी तपासायची पद्धत होती. मुकी बिचारी माणसं कोपऱ्यात तशीच बसून राहायची. तक्ता आल्यापासून आरडाओरडा कमी झाला, म्हणून मला त्याचा अभिमानच होता.

छोट्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "आजोबा, दहापैकी किती?"

बाबांनी वर छताकडे पाहिलं. बराच वेळ विचार केला. मी शेजारीच उभी राहून एका मजुराच्या कपाळाला पट्टी बांधत होते. "साडेचार," बाबा म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले, मास्तरांचा आवाज तो.

"अर्धा कुठून आणला आजोबा?" डॉक्टर हसले. नाडी पाहिली, बीपी पाहिलं. दोन्ही ठीक. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, त्या गोळीने नाडी आवरून धरलेली असते, हे मला एरवी कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. डॉक्टरांनी हिरवी पट्टी बांधली.

साडेचार म्हणजे थांबता येईल. माझ्या डोक्यात एवढंच आलं. दिवसभरात असे किती साडेचार येतात. "बाबा, इथे बाकावर बसा," मी म्हणाले. "डॉक्टर बोलावतील तुम्हाला. मी वरचा वर्ग उरकून आलेच."

"बरं," बाबा म्हणाले आणि बसले. फार हळू बसले. पण त्यांचे गुडघे गेले आहेत, ते नेहमीच हळू बसतात.

वर हॉलमध्ये सर आले होते. वयाने माझ्या भाच्याएवढे, अंगावर खडूची भुकटी, बोलताना हवेत आकडे लिहायची सवय. आम्ही त्यांचं नाव 'सरासरी' ठेवलं होतं. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी राग मानला नव्हता, ही एक जमेची बाजू.

"आज आकड्यांच्या जाती बघू," ते म्हणाले. "कॉट नंबर सहा आणि कॉट नंबर दहा. सरासरी किती?"

"आठ!" चिमणी ओरडली. चिमणी म्हणजे मुलांच्या वॉर्डातली आमची सगळ्यात लहान सिस्टर. चण लहान, आवाज मोठा.

"म्हणजे सहावाला आणि दहावाला दोघं मिळून आठव्या कॉटवर झोपले?"

हॉल हसला. चिमणीने कपाळावर हात मारून घेतला. सर म्हणाले, "काही आकडे नुसती नावं असतात. कॉट नंबर, फोन नंबर. त्यांची बेरीज करायची नाही. काही आकडे क्रम सांगतात. शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा. पण पहिला दुसऱ्याच्या किती पुढे होता, हे त्यातून कळत नाही. आणि काही आकडे खरोखर मोजतात. वजन, उंची. वीस किलो हे दहा किलोच्या दुप्पटच, कुणीही तोललं तरी. आता मला सांगा, तुमचा तो दुखण्याचा आकडा कुठल्या जातीचा?"

"मोजमापाचा," मी म्हणाले. माझ्या तक्त्याचा विषय निघाल्यावर मी गप्प बसणार थोडीच. "आम्ही दिवसभर तेच मोजतो."

"मोजतं कोण? तुम्ही?"

"पेशंट सांगतो, आम्ही लिहितो."

"म्हणजे मोजपट्टी पेशंटच्या हातात. मग एकाचे आठ दुसऱ्याच्या चारच्या दुप्पट आहेत, हे कशावरून?"

"पट्टी भिंतीवर आहे सर. छापलेली आहे. सगळ्यांना तीच."

"भिंतीवर आकडे आहेत, सिस्टर. त्या माणसाचे दहा म्हणजे काय, ते त्याच्या डोक्यात आहे. ते आपण विचारलेलंच नाही."

मला राग आला. ज्याने आयुष्यात कधी रक्ताने भिजलेला बोळा उचलला नाही तो मला दुखणं शिकवणार! पण सर पुढे गेले होते. एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो, म्हणाले. आकडा आला की त्याचे भाऊबंद कोण ते विचारायचं. सगळ्यात लहान कुठला, सगळ्यात मोठा कुठला, चढत्या क्रमाने मांडले तर बरोबर मधोमध कोण बसतो, आणि पुन्हा पुन्हा कोण येतो. "चला, एखादा असा माणूस सांगा जो सगळ्यांना मार्क देतो. सासू चालेल, नणंद चालेल."

बायका खुदखुदल्या. कुणी पुढे येईना. माझा राग अजून गेला नव्हता, पण गोष्ट सांगायची संधी मी कधी सोडत नाही. मी उभी राहिले.

"आमचे बाबा," मी म्हणाले. "ड्रॉइंग मास्तर. सगळ्या शाळेत प्रसिद्ध. दहापैकी मार्क द्यायचे आणि हात असा आखडता, की पोरं म्हणायची, मास्तरांच्या खिशातून रुपया निघेल पण मार्क निघणार नाही. घरीसुद्धा तेच. मी काढलेल्या झाडाला दोन. का, तर झाड उभं आहे असं वाटत नाही, टेकवून ठेवलंय असं वाटतं."

हॉलमध्ये हशा पिकला. सरांनी फळ्यावर दोन लिहिले. "पुढे?"

"आईच्या हाताच्या भाजीला साडेतीन. तिने चाळीस वर्षं संसार केला, पण साडेतीनच्या वर गेली नाही. माझ्या नवऱ्याला बघायला आले तेव्हा त्याला तीन. घरी येऊन म्हणाले, तीन आहे पण चालेल. माझ्या भावाच्या अक्षराला तीन."

आता माझ्या अंगात आलं होतं. चिमणी डोळे पुसत होती. मी बाबांचा आवाज काढून दाखवला. "एकदा संध्याकाळी आभाळ असं रंगलं होतं, की रस्त्यातली माणसं चालायची थांबली. आम्ही सगळे गच्चीवर गेलो. आई म्हणाली, याला तरी किती द्याल? बाबांनी खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, चार. जरा भडक झालंय."

हसून हसून बायकांच्या पोटात दुखायला लागलं. सरसुद्धा फळ्याला टेकून हसत होते. मग त्यांनी आकडे चढत्या क्रमाने मांडले. दोन, तीन, तीन, साडेतीन, चार.

"मधला कोण?"

"तीन!"

"तो मध्यक. पुन्हा आलेला कोण?"

"तीनच!"

"तो बहुलक. आता बेरीज करा आणि पाचने भागा."

"तीन पूर्णांक एक," चिमणीने बोटांवर हिशोब करून सांगितलं.

"हा मध्य, म्हणजेच आपली सरासरी. सगळे तीनच्या आसपास घोटाळताहेत. आणि सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा केला की विस्तार. चार वजा दोन. फक्त दोन! मास्तर म्हणतात दहापैकी, पण त्यांची सगळी दुनिया दोन ते चारमध्ये मावते. आता सांगा, या माणसाने एखाद्याला चार दिले तर ते किती समजायचे?"

"पैकीच्या पैकी!" सगळा हॉल एका सुरात ओरडला.

"आणि चारच्या वर दिले तर?" चिमणीने विचारलं.

"तर मग आभाळ फाटलं समजा," सर म्हणाले. हॉलमध्ये पुन्हा हशा, आणि सगळ्यात मोठ्याने मी हसत होते.

मी हसत होते आणि ते हसू तसंच तोंडावर राहिलं. आतून सगळं गेलं. मला आठवतं, तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. चिमणीला वाटलं मला ठसका लागला, तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

"साडेचार," मी म्हणाले.

"काय साडेचार?" सर म्हणाले.

"खाली बसलेत ते. बाकावर. साडेचार म्हणाले. मी ऐकलं. मी तिथेच होते."

मी कुणाला सांगत होते कोण जाणे. सरांच्या हातातला खडू हवेत तसाच होता. माझी खुर्ची पडली ती कुणी उचलली मला माहीत नाही. लिफ्टचं दार उघडेना, मी जिन्याने पळाले. माझ्यासारख्या अवजड बाईने जिन्याने पळू नये, असं मीच पेशंटच्या नातेवाइकांना सांगत असते.

बाक रिकामा नव्हता. बाबांच्या जागेवर एक बाई बसली होती, हात गळ्यात बांधलेला, कण्हत होती. बाबा नव्हते.

"मावशी! आजोबा कुठे गेले? इस्त्रीचा शर्ट, हिरवी पट्टी!"

"ते होय? देवमाणूस हो," मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या. "या बाईला नऊ दिले ना डॉक्टरांनी, आत जागा नव्हती, तर ते उठले न् म्हणाले, तुम्ही बसा, तुमचे नऊ आहेत. जरा मोकळ्या हवेत जातो म्हणाले."

ते ॲम्ब्युलन्स लावतात त्या पोर्चमध्ये होते. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेले, गुडघे पोटाशी घेतलेले. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता आणि चेहऱ्याचा रंग राखेसारखा झाला होता. माझे वडील कधी जमिनीवर बसत नाहीत. पँटला सुरकुत्या पडतात.

"बाबा!"

"आलीस? झाला वर्ग?" ते हळूच म्हणाले. "आता बरंय. उतरतंय बघ. आता तीनवर आलंय."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून हायसं वाटलं असतं. मी आयुष्यभर हेच काम केलंय, म्हणून माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. पोटात काही फुटलं की आधी जीव जायची वेळ येते, आणि मग मध्येच एक वेळ अशी येते की दुखणं कमी वाटतं. बरं होत असतं म्हणून नाही. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. पोट नव्हतंच ते, लाकडाची फळी होती.

मी जी किंकाळी मारली ती म्हणे दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली. स्ट्रेचर आला. छोटे डॉक्टर धावत आले, पोटाला हात लावला आणि त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं. "सिस्टर, पण ते... ते स्वतः साडेचार म्हणाले होते. दहापैकी साडेचार."

"दहापैकी नाही!" मी ओरडले. "त्यांचे चारपैकी असतात! चारपैकी साडेचार!"

त्यांना वाटलं असणार बाईचं डोकं फिरलं. पण स्ट्रेचर त्यांनीच ढकलला, आणि लाल पट्टीची वाट बघितली नाही.

सर्जनबाई एक्स-रेच्या खोलीतच भेटल्या. शांत बाई, कधी आवाज चढवत नाहीत. मी काय सांगतेय ते त्यांना नीट कळलं नसावं. त्या सरळ बाबांवर वाकल्या. "आजोबा, आजवर सगळ्यात जास्त दुखलं ते कधी?"

"मुतखडा झाला होता," बाबा म्हणाले. ओठ कोरडे पडले होते. "त्याला चार दिले होते."

"आणि त्याच्या खालोखाल?"

"करवतीत बोट गेलं होतं. तीन."

मला ते बोट आठवलं. मी शाळेत होते. सगळा ओटा लाल झाला होता आणि बाबा शेजारच्यांना म्हणाले होते, विशेष काही नाही.

"आणि आज सकाळी?"

"आज पहाटे एकदम सुरी खुपसल्यासारखं झालं. साडेचार. पाच देणार होतो." ते थांबले, श्वास घेतला. "पण दहा म्हणजे मेलेला माणूस. नऊ, आठ म्हणजे शुद्ध हरपलेला. ज्याला पायांनी चालत इथवर येता येतं, त्याने पाच कसे सांगायचे? ते बरोबर नाही."

सर्जनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर मी एरवी कधी काही पाहिलं नाही, पण तेव्हा पाहिलं. तेवढ्यात एक्स-रे आला. छातीच्या पडद्याखाली, जिथे काही नसावं तिथे, हवेची काळी चंद्रकोर होती. जठराला भोक पडलं होतं. गुडघ्यांसाठी घ्यायच्या गोळ्या बाबा उपाशीपोटी घेत होते, स्वयंपाकाचा कंटाळा म्हणून. मला हे ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे डोकावायची, पण डबा उघडून कधी बघितला नाही.

"पहाटेपासून म्हणजे उशीर झालाय," सर्जनबाई म्हणाल्या. "खोटी आशा दाखवत नाही. चला."

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर जो लाकडी बाक आहे तिथे मी बसले. या बाकावर बसलेल्या माणसांना मी आजवर सांगत आले, धीर धरा, डॉक्टर करताहेत ना. कुणाला धीर कसा धरवत असेल हे मला त्या दिवशी कळलं. मला रडू येत नव्हतं. भीती वाटत होती आणि संताप येत होता. बाबांचा, त्यांच्या त्या कंजूष मार्कांचा, भिंतीवरच्या त्या रडक्या चेहऱ्यांचा. सगळ्यात जास्त माझा. बाकी सगळ्यांना तो आकडा परका होता. मी तर त्या आकड्यांच्या घरात लहानाची मोठी झाले होते. दोन मिनिटांत सगळ्या हॉलला हसवण्याइतके मला ते पाठ होते, आणि तरी ते माझ्या कानावरून गेले.

चिमणी आली, पाण्याची बाटली देऊन गेली. मागून सर आले. हात अजून खडूने पांढरे. उभेच राहिले.

"सर," मी म्हणाले, "जगायची शक्यता किती असते हो अशा वेळी? तुम्ही आकड्यांतले. टक्के सांगा."

त्यांनी तळहातावरचा खडू झटकला. मला वाटलं आता हा पोरगा काहीतरी गोड बोलणार आणि मी त्याला चार शब्द सुनावणार.

"टक्के शंभर माणसांचे असतात, सिस्टर," ते म्हणाले. "शंभरातले किती वाचतात, ते पुस्तकात असेल. आत एकच आहेत. त्यांचं मला नाही सांगता येणार."

ते शेजारी बसले आणि बसूनच राहिले. मी त्यांना काही सुनावलं नाही.

बाबा वाचले. सर्जनबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, आजची रात्र निघाली की पुढचं बघू. ती रात्र निघाली. पुढच्या दोन रात्री त्याहून वाईट होत्या, त्याही निघाल्या. ताप चढायचा, बाबा भलतंच बोलायचे, वर्गातल्या कुठल्या पोराला रेषा सरळ ओढ म्हणून दटावायचे. मग एका सकाळी त्यांनी डोळे उघडले, खिडकीकडे बघितलं, आणि पडदा जरा सरकव म्हणाले. नाकात नळी होती, आवाज घोगरा झाला होता, पण माणूस परत आला होता.

तेवढ्यात वॉर्डातली नवी सिस्टर हातात पेन घेऊन आली. "आजोबा, दहापैकी किती..." मी तिच्याकडे असं बघितलं की ती उलट्या पावली गेली.

मी खुर्ची कॉटजवळ ओढली. आकडा न मागता साधंच विचारलं. "बाबा, दुखतंय?"

त्यांनी मान हलवली. हो.

"खूप?"

"खूप गं." एवढं बोलून ते छताकडे बघत राहिले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "एक विचारायचं होतं तुला."

"विचारा ना."

"तो डॉक्टर परका. त्याला काय कळणार? म्हणून मी मोठ्याने म्हणालो. तू शेजारीच उभी होतीस. म्हटलं, चारच्या वर मी कधी गेलो नाही हे हिला माहीत आहे. साडेचार ऐकलं की हातातलं टाकून धावत येईल."

मी त्यांचा हात धरला. सलाईनची सुई होती त्या हाताला, ती हलणार नाही असा धरला.

"तू म्हणालीस, बाकावर बसा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच न समजून विचारत होते, एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा तपासून पाहावी तसं. "मी बसलो. खूप विचार केला. मग वाटलं, तू रोज एवढी दुखणी बघतेस, तुला जास्त कळतं. माझंच चुकलं असेल. मीच जास्त दिले. म्हणून मग उठलो आणि त्या बाईला जागा दिली."